कुपा पकडायच्या तीन रीती आणि बर्फाची पेटी

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले आणि मासेमारीच्या चर्चेत ‘खोल समुद्र’ आणि ‘ट्यूना’ हे दोन शब्द जोडीनेच यायला लागले. विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा, सुमारे ३७० किलोमीटरचा समुद्र. त्यातले पहिले १२ मैल राज्याच्या अखत्यारीत, पुढचं केंद्राकडे. नियमांचा रोख असा की या बाहेरच्या पट्ट्यात आपल्याच मच्छीमारांनी, त्यातही सहकारी संस्थांनी जावं आणि ट्यूनासारखी चढ्या भावाची मासळी आणावी. यांत्रिक बोटींनी त्यासाठी ऑनलाइन प्रवेश-पास घ्यायचा. परदेशी बोटींना मज्जाव. एलईडीच्या झोतात मासे गोळा करायला आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायला बंदी. पारंपरिक छोट्या होड्यांना पासची गरज नाही.

हे वाचून म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात मासळी घेणारा माणूस बुचकळ्यात पडतो. ट्यूना म्हणजे आपला कुपाच ना? इसवण परवडलं नाही, बांगडे ताजे दिसले नाहीत की घ्यायचा मासा तो. त्याच्यासाठी इतक्या लांब जायचं? आणि गेलंच, तर जाळं सोडून गरी टाकून एकेक मासा धरायचा, हे काय खूळ?

खूळ नाही. पण ते पटायला आधी मासा कसला आहे ते बघायला हवं.

## थांबला की मेला

बाजारात आपण ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतो ते बहुतेक वेळा ट्यूनाच्या कुळातले किनाऱ्यालगत फिरणारे लहान भाऊबंद असतात, हातभर लांबीचे. खोल पाण्यातला येलोफिन ट्यूना, म्हणजे पिवळ्या परांचा कुपा, हे वेगळंच धूड. तो माणसापेक्षा लांब वाढतो आणि त्याचं वजन दीडशे किलोंच्याही वर जाऊ शकतं. मधला स्किपजॅक साधारण फूट-दीड फुटापासून दोन-अडीच फुटांपर्यंत, पोटावर काळ्या रेघा असलेला. डब्यातला ट्यूना बहुतेक हाच.

या कुळाच्या दोन गोष्टी इतर माशांपेक्षा निराळ्या आहेत. पहिली: बहुतेक मासे एका जागी राहून कल्ले हलवत श्वास घेऊ शकतात. ट्यूनाला ते जमत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून पुढे पोहत राहायचं, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं. थांबला की गुदमरला. रात्र असो, दिवस असो, जन्मभर प्रवास चालू.

दुसरी: त्याचं अंग गरम असतं. स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते, ती इतर माशांत रक्ताबरोबर कल्ल्यांपर्यंत जाते आणि पाण्यात विरते. ट्यूनाच्या अंगात मात्र आतून येणाऱ्या गरम रक्ताच्या बारीक नसा आणि बाहेरून येणाऱ्या थंड रक्ताच्या बारीक नसा एकमेकींना खेटून जाळीसारख्या विणलेल्या असतात. बंबातून गरम पाणी नेणारी नळी आणि विहिरीचं गार पाणी बंबाकडे आणणारी नळी एकत्र बांधून टाकली, तर गरम नळीची ऊब गार नळीतलं पाणी घेऊन परत बंबात येईल, तसंच हे. त्यामुळे त्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा काही अंश गरम राहतात, आणि गरम स्नायू जोरात चालतात. मांस लालभडक दिसतं तेही या सततच्या कामामुळे, त्यात प्राणवायू साठवणारं द्रव्य भरपूर असतं.

या यंत्राला खाणं फार लागतं आणि प्राणवायू त्याहून जास्त. गळाला लागल्यावर हाच मासा झुंजत झुंजत आतून तापत जातो, कारण उष्णता बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे बेताची. हा मुद्दा पुढे बर्फाकडे येतो.

## गोव्यासमोर तो असतो कुठे

मिरामारच्या वाळूवर उभं राहून बघितलं तर समोर मांडवी-जुवारीचं गढूळ पाणी दिसतं. ट्यूना डोळ्यांनी शिकार करतो, त्याला निळं, स्वच्छ पाणी लागतं. शिवाय आपल्याकडे समुद्राचा तळ एकदम खोल होत नाही. तो हळूहळू उतरत शंभरेक किलोमीटर जातो आणि मग एकदम कोसळतो. त्या कड्याच्या आसपास आणि पलीकडे खरी ट्यूनाची हद्द. ताशी आठ सागरी मैलांनी चालणाऱ्या बोटीला तिथे पोचायलाच सातेक तास लागतात. उत्तरेला विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. खोल समुद्रात बुडालेलं पठार, वरचा माथा जेमतेम वीस मीटर खोल. अशा उंचवट्यांना पाणी अडतं, वर चढतं, बारीक मासळी जमते आणि मागोमाग शिकारी येतात.

आता अरबी समुद्राची एक खोड. वरचा थर सोडला तर खाली, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, या समुद्रात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. जगात असे मोजकेच भाग आहेत, त्यातला हा एक मोठा. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता हे गुदमरलेलं पाणी वर सरकत आपल्या किनाऱ्यापर्यंत येतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं पाणी तपासून हे नोंदवलं आहे.

इतका प्राणवायू लागणारा येलोफिन त्या थरात फार वेळ टिकत नाही. म्हणजे खाली दोन किलोमीटर पाणी असलं तरी त्याच्या वाट्याला येते वरची शंभर-सव्वाशे मीटरची पट्टी. इतर महासागरांत तो याहून खोल दडी मारतो, आपल्याकडे त्याला तळघर नाही. गरीवाल्याला हे सोयीचं. दुर्दैवाने जाळंवाल्यालाही.

कुठे जायचं याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था देते. उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा मोजून, गार-गरम पाणी जिथे भिडतं त्या रेषा काढते आणि मासळी मिळण्याच्या जागा सांगते. ट्यूनासाठी वेगळी सूचना असते. पण शेवटचे दोन-तीन मैल डोळ्यांवरच. सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर सूर मारतोय, खाली पाणी उकळल्यासारखं दिसतंय, म्हणजे खालून कोणीतरी बारीक मासळी वर हाकलतंय.

## ट्रोलिंग: चालत्या बोटीमागे गरी

पहिली रीत ट्रोलिंग. ट्रॉलर तळाशी जाळं ओढतो, त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. बोट ताशी सहा ते आठ सागरी मैलांनी चालवायची आणि मागे वेगवेगळ्या अंतरांवर चार-सहा दोऱ्या सोडायच्या. टोकाला खोटं आमिष: जड डोक्याचं, मागे रबराच्या झिरमिळ्या लोंबणारं, वेगात ओढलं की माकूल (स्क्विड) पळतंय असं वाटावं. दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून बाजूला लांब काठ्या बांधून त्यांवरून सोडतात. एखादी जवळ, बोटीच्या पंख्याने उसळलेल्या फेसातच. एखादी पार मागे स्वच्छ पाण्यात.

एवढा वेग का? कारण ट्यूनाला विचार करायला वेळ द्यायचा नाही. हळू जाणारं रबर त्याने नीट पाहिलं तर तो फसत नाही. पळणारं पाहिलं की मागे लागतो. फेसाला तो बुजत नाही, उलट काही वेळा फेसाकडेच येतो.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे माशांचा कळप दिसला की बोट थेट त्यात घालायची. कळप खोल जातो, संपलं. त्याच्या कडेकडेने वळसा घालायचा, म्हणजे बोट बाहेरून जाते आणि दोऱ्या कडेला लागतात. एक मासा लागला की लगेच इंजिन बंद करायचं नाही. काही क्षण चालू ठेवलं तर उरलेल्या दोऱ्यांनाही लागतात, ट्यूना कळपात खातो आणि एकाने तोंड मारलं की बाकीचे चेकाळतात.

रिळाला ब्रेक असतो. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, जेवढ्या ताणाला तुटेल त्याच्या पाव ते एक-तृतीयांश ताणावर ब्रेक लावतात, त्यापुढे मासा ओढेल तेवढी दोरी जाऊ द्यायची. घट्ट लावाल तर पहिल्याच धडकेत तंगूस तुटतो आणि मासा तोंडात गरी घेऊन जातो.

ट्रोलिंगचा मोठा गुण म्हणजे समुद्र धुंडाळता येतो. मोठा दोष म्हणजे डिझेल, दिवसभर इंजिन चालू.

## जिगिंग: उभी दोरी

दुपारी ऊन डोक्यावर आलं की मासे वरून गायब होतात. बोटीवरच्या फिश फाइंडरवर मात्र साठ-सत्तर मीटरवर ठिपके दिसत असतात. तेव्हा इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडायची आणि जिग खाली टाकायचा. जिग म्हणजे दीडशे-तीनशे ग्रॅमचा धातूचा चपटा, चकाकणारा तुकडा, लांबट माशाच्या घाटाचा. तो ठिपक्यांच्या थोडा खाली जाऊ द्यायचा आणि काठीला झटका, रिळाला एक फेरा, झटका, फेरा असं करत वर आणायचा. जखमी मासा उडी मारत वर पळतोय असं खालून दिसतं. गंमत म्हणजे बरेचदा मासा लागतो तो जिग मोकळा खाली पडत असताना, म्हणून दोरीवर बोट ठेवून राहावं लागतं. ती पडता पडता मध्येच ढिली झाली की समजायचं.

इथे तंगूस चालत नाही, तो ताणतो आणि हाताचा झटका खालपर्यंत पोचत नाही. बारीक धाग्यांची विणलेली दोरी लागते. आणि खांदे लागतात, अर्ध्या तासात घामाच्या धारा.

वर सांगितलेल्या प्राणवायूचा उपयोग इथे. कोणीतरी परदेशी व्हिडिओ पाहून जिग अडीचशे मीटरवर पाठवतो आणि दिवसभर नुसता व्यायाम करतो. आपल्या समुद्रात येलोफिनसाठी शंभराच्या आतच बघावं.

## चंकिंग: तुकड्यांची वाट

तिसरी रीत मला सगळ्यात हुशारीची वाटते, आणि ती दिसायला सगळ्यात सोपी आहे. तारली किंवा बांगड्याचे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करायचे. बोट थांबवून तीन-चार तुकडे पाण्यात सोडायचे. ते खाली जाता जाता दिसेनासे झाले की पुढचे. असे तासन्‌तास. तुकड्यांची एक तिरकी वाट पाण्यात तयार होते, वास आणि चकाकी दूरपर्यंत जाते आणि ट्यूना त्या वाटेने वर येत बोटीखाली पोचतो. त्यातल्याच एका तुकड्यात गरी लपवलेली असते.

मेख इथे आहे. गरीचा तुकडा इतर तुकड्यांच्याच वेगाने, त्यांच्याच वाटेने बुडाला पाहिजे. दोरीला जरा ताण आला की तो अधांतरी थांबतो, आणि बाकी सगळे खाली जाताना एकच तुकडा थांबलेला ट्यूनाच्या डोळ्याला लगेच खटकतो. म्हणून रिळावरून दोरी हाताने सैल सोडत राहायची, वावभर पुढे. गरीजवळचा शेवटचा भाग पाण्यात सहसा न दिसणाऱ्या फ्लोरोकार्बनच्या दोरीचा. गरी लहान, तुकड्यात बुडालेली. शक्यतो गोल वळणाची, कारण ती पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. ती ओढायला झटका मारायचा नाही. दोरी पळायला लागली की ब्रेक हळूच चढवायचा.

तुकडे किती टाकायचे हे हात सांगतो. फार टाकले तर मासे पोटभर खाऊन गरीकडे ढुंकून बघत नाहीत, आणि गप्पांच्या नादात हात थांबला तर वाट तुटते, कळप निघून जातो. बोटीवर एक माणूस फक्त याच कामाला बसवावा. मोरी, म्हणजे शार्क, तीही याच वासाने येते आणि गळाला लागलेला कुपा अर्धा करून देते, त्यावर फारसा इलाज नाही. मोऱ्या जमल्या की जागा बदलायची.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर पिढ्यानपिढ्या स्किपजॅक धरतात तो जिवंत बारीक मासळी फेकून, वर पाण्याचा फवारा मारून आणि चेकाळलेल्या कळपातून काठीने एकेक मासा उचलून. त्याचीच मासमीन होते, शिजवून, धुरी देऊन वाळवलेली.

## बोटीवरची पहिली वीस मिनिटं

आता बर्फ. उन्हाळ्यात आपल्या समुद्राचं वरचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं. त्यात अर्धा तास झुंजलेला कुपा आतून त्याहूनही तापलेला, स्नायूंत आम्ल साठलेलं. तो तसाच डेकवर टाकला तर शेपटी थडथड आपटत राहते, मांस आणखी तापतं, चेचतं. कापल्यावर आत लाल काचेसारखं मांस मिळायला हवं तिथे फिकट, पाणचट, शिजल्यासारखं काहीतरी निघतं. बाहेरून मासा देखणाच दिसतो.

नीट करायचं तर असं: टोकाला आकडा असलेल्या काठीने मासा डोक्याकडून धरून वर घ्यायचा, अंगात आकडा खुपसायचा नाही. ओल्या गोणपाटावर ठेवायचा. डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की बराचसा शांत होतो. डोक्यात टोचा मारून मेंदू निकामी करायचा, म्हणजे धडपड तिथेच थांबते. मग छातीच्या परामागे तीन बोटांवर, दोन्ही बाजूंना उथळ चीर. तिथून मोठी नस जाते, रक्त भळाभळा वाहतं. खोल कापायचं कारण नाही. कल्ले आणि आतडी काढायची, पोट धुवायचं आणि मासा बर्फ व समुद्राचं पाणी कालवलेल्या पेटीत पूर्ण बुडवायचा. नुसता वरून बर्फ पसरला तर बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि थंडी आत जात नाही. खारं पाणी मिसळलं की ते शून्याच्याही किंचित खाली जातं आणि सगळीकडून चिकटतं. तरी चाळीस किलोंचा मासा काट्यापर्यंत गार व्हायला कित्येक तास जातात.

## जाळ्याने टनावारी मिळत असता गरी कशाला?

कारण जाळ्यातला कुपा कधी मेला हे कोणालाच ठाऊक नसतं. तरत्या जाळ्यात अडकला की त्याचं पोहणं थांबतं, म्हणजे श्वास थांबतो. जाळं पहाटे ओढेपर्यंत तो तीस अंशांच्या पाण्यात तासन्‌तास मेलेला पडून असतो. वजनाने भरपूर, भावाने कमी. गरीचा मासा जिवंत वर येतो, म्हणून वरचं सगळं करता येतं आणि कच्चा खाण्याच्या दर्जाचा भाव मागता येतो. शिवाय कासवं, डॉल्फिन यांचा बळी जवळजवळ जात नाही.

पण माझं मत विचाराल तर बर्फ नसेल तर गरीचा खटाटोपही करू नये. नियमांत ‘मदर शिप’ची कल्पना आहे, छोट्या बोटींनी मासे धरायचे आणि समुद्रातच मोठ्या जहाजाला द्यायचे. ते जहाज गार पेटी म्हणून उपयोगी पडलं तर ठीक, नाहीतर तो नुसता तरता दलाल.

## आपल्याच ट्रॉलरवरून जमेल?

बऱ्यापैकी जमेल. बोट आहे, तांडेल आहे, बर्फाचा कप्पा आहे. तो कप्पा मात्र नीट अस्तर घालून चार-पाच दिवस बर्फ टिकेल असा करावा लागेल, आणि खलाशी कमी लागतील पण वेगळे शिकलेले लागतील. धोक्याची बाजूही बघावी लागते: शंभर किलोमीटरवर मोबाइल लागत नाही, इंजिन बंद पडलं तर रात्र तिथेच. उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र चालू आहे ना, हे जेटी सोडण्याआधीच बघावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असतेच.

## तारली माणसांनी खायची की कुप्याने?

रास्त प्रश्न. किलोकिलोंनी तारली फेकणं आपल्या जिभेला खटकतंच, आणि केरळात २०१२ नंतर तारली कशी कोसळली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जेटीवर दबलेले, पोट फुटलेले बांगडे आणि कापणीतली डोकी-शेपट्या रोज वाया जातात. चंकिंगला तीच चालतात. ती नसतील त्या दिवशी ट्रोलिंग करावं.

## आणि कुपाच संपला तर?

हिंदी महासागरातल्या ट्यूनाचा हिशेब सेशल्समधला आंतरराष्ट्रीय आयोग ठेवतो, भारत त्याचा सदस्य आहे. येलोफिन २०१५ पासून काही वर्षं त्यांच्या ‘अतिमासेमारी झालेल्या’ यादीत होता. २०२४ च्या आढाव्यात तो त्यातून बाहेर आला. तरी निश्चिंत व्हावं असं नाही. मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत, विशेषतः तरत्या तराफ्यांखाली जमलेल्या कळपांत, लहान पिल्लं ढिगाने जातात. गरीवाल्याला लहान मासा परत सोडता येतो, फक्त तो पटकन, शक्यतो पाण्यातच सोडावा. अर्धा तास झुंजवून, मांडीवर घेऊन फोटो काढून सोडलेला कुपा जगेल या भ्रमात राहू नये.

## बाजारात घेताना

कुपा आणि बांगडा या दोघांच्या मांसात एक द्रव्य असतं, उष्णतेत जंतू त्याचं हिस्टामीन बनवतात. ते खाल्लं की तासाभरात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकणं, छातीत धडधड. लोक म्हणतात मासळीची अॅलर्जी झाली. बहुतेकदा तो मासा उन्हात राहिलेला असतो. वास न येताही हे होऊ शकतं. म्हणून बर्फावर ठेवलेला नव्हे, बर्फात पुरलेला कुपा घ्यावा आणि बोटाने दाबून तो आतूनही गार लागतो का बघावं. कापून दाखवायला सांगावं, मांस फिकट आणि पाणचट असेल तर पुढे जावं. पाऱ्याचं म्हणाल तर तो मोठ्या, म्हाताऱ्या माशात जास्त साठतो; गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोठा येलोफिन वरचेवर खाऊ नये, लहान गेदर बरा.

आणि खाताना जिभेला मिरचीविना मिरमिर जाणवली तर तो घास तिथेच ठेवावा. हिस्टामीन तळून, उकळून किंवा डीप फ्रीझमध्ये ठेवून जात नाही.